क्वामे एन्क्रुमा : कोकोचा पैसा आणि स्वतंत्र घाना

वसाहतींच्या अंमलातून मुक्त झालेले अनेक देश स्वातंत्र्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच कर्ज, टंचाई आणि लष्करी सत्ता यांच्या फेऱ्यात का सापडले, या प्रश्नाची साधारणतः दोन उत्तरे दिली जातात. साम्राज्यसत्तांनी या देशांची अर्थव्यवस्था आपल्या सोयीने घडविली व जाताना तशीच ठेवली, हे एक उत्तर. नव्या राज्यकर्त्यांनी सार्वजनिक पैसा खाल्ला, हे दुसरे. ही उत्तरे देणारे लोक सहसा एकमेकांचे ऐकून घेत नाहीत. घानाचे पहिले पंतप्रधान व पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांचे चरित्र अभ्यासताना मात्र ही दोन्ही उत्तरे एकाच कचेरीत समोरासमोर बसलेली आढळतात. ती कचेरी कोको खरेदीची होती. म्हणून एन्क्रुमांच्या जीवनाची इतर अंगे, म्हणजे अखिल आफ्रिकी ऐक्याचे त्यांचे स्वप्न आणि त्यांचे तत्त्वचिंतन, यांना येथे केवळ स्पर्श केला आहे. कोकोच्या पैशाची वाट मात्र सविस्तर पाहिली आहे.

जन्म, नाव आणि शिक्षण

एन्क्रुमांचा जन्म गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या एन्क्रोफुल या खेड्यात झाला. वडील सोनारकाम करीत, आई किरकोळ व्यापार करी. कॅथलिक पाद्र्याने नोंदविलेली जन्मतारीख २१ सप्टेंबर १९०९ अशी आहे. अकान समाजात मुलाला जन्मवारावरून नाव देण्याची रीत आहे आणि क्वामे म्हणजे शनिवारी जन्मलेला. २१ सप्टेंबर १९०९ हा दिवस मात्र मंगळवार होता! शनिवार त्याच्या तीन दिवस आधी, १८ तारखेला येतो. पाद्र्याचा कागद आणि आईची आठवण यांत कोणावर विश्वास ठेवायचा, याचा निर्णय नावानेच देऊन टाकला आहे. भाषेच्या अभ्यासकाला अशा नोंदी कागदपत्रांपेक्षा अधिक बोलक्या वाटतात.

आचिमोटा येथे शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेऊन एन्क्रुमांनी काही वर्षे शाळांतून शिकविले. १९३५ साली ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात दाखल झाले. तेथील दहा वर्षे हलाखीची होती. रस्त्यावर मासळी विकणे, साबणाच्या कारखान्यात राबणे, सुट्टीत जहाजावर नोकरी करणे, असे सर्व करून त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. १९४५ साली ते लंडनला आले आणि त्याच वर्षी मँचेस्टर येथे भरलेल्या पाचव्या अखिल आफ्रिकी परिषदेच्या संयोजनात जॉर्ज पॅडमोर यांच्यासमवेत त्यांनी पुढाकार घेतला. १९४७ च्या अखेरीस मायदेशातील वकील-व्यापारी मंडळींच्या एका राजकीय संघटनेने त्यांना चिटणीस म्हणून बोलावून घेतले.

कोको आणि त्याचा एकमेव ग्राहक

ते परतले तेव्हा गोल्ड कोस्टची अवस्था काय होती, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. टेटे क्वार्शी नावाच्या एका कारागिराने १८७९ मध्ये फर्नांदो पो बेटावरून कोकोच्या बिया आणल्या, असे सांगितले जाते. ब्रिटिश मळेवाल्यांनी नव्हे, तर आफ्रिकी छोट्या शेतकऱ्यांनी हे पीक वाढविले आणि १९११ पर्यंत ही चिमुकली वसाहत कोको उत्पादनात जगात पहिली आली. खरेदी मात्र मूठभर युरोपीय कंपन्यांच्या हाती होती. या कंपन्यांनी संगनमत करून भाव पाडले, तेव्हा १९३७-३८ मध्ये शेतकऱ्यांनी माल अडवून धरला. वसाहतीत खेडोपाडी इतका दीर्घकाळ चाललेला असा लढा पूर्वी झाला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच कोको विकत घेण्यास प्रारंभ केला आणि युद्धानंतर, १९४७ साली, ही व्यवस्था कोको विपणन मंडळाच्या रूपाने कायम झाली. कल्पना वरकरणी चांगली होती. मंडळाने शेतकऱ्याला ठरावीक भाव द्यावा, माल जागतिक बाजारात विकावा, तेजीच्या वर्षांतील शिल्लक राखून ठेवावी आणि मंदीत ती शेतकऱ्याच्या उपयोगी आणावी. प्रत्यक्षात युद्धोत्तर वर्षे तेजीची होती. शिल्लक वाढत गेली आणि ती लंडनमध्ये ब्रिटिश सरकारी रोख्यांत गुंतविली गेली. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा त्याला न विचारता बाजूला काढण्याचे यंत्र अशा रीतीने परकीय राजवटीनेच उभारले होते. त्या यंत्राची किल्ली कोणाच्या हाती जाते, एवढाच प्रश्न उरला होता.

तुरुंगातून सत्तेकडे

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी आपल्या मागण्या घेऊन आक्रा येथील गव्हर्नरच्या निवासस्थानाकडे निघालेल्या माजी सैनिकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तिघे ठार झाले. पाठोपाठ शहरात दंगली उसळल्या. आयात मालाची महागाई आणि रोगग्रस्त कोकोझाडे सक्तीने तोडण्याचे सरकारी धोरण यांमुळे असंतोष आधीच साचला होता. एन्क्रुमांसह सहा नेत्यांना अटक झाली. सुटकेनंतर एन्क्रुमांना आपल्या सहकाऱ्यांची सबुरी मानवेना. जून १९४९ मध्ये त्यांनी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी हा स्वतंत्र पक्ष काढला. प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेले तरुण, बाजारात बसणाऱ्या व्यापारी स्त्रिया, कामगार, बेकार असा त्यांचा अनुयायी वर्ग होता. त्यातील अनेकांना स्वतःचे घर नसे, ते सधनांच्या पडवीत झोपत. त्यावरून विरोधकांनी त्यांना पडवीतली पोरे असे हिणवले आणि पक्षाने ते नाव भूषण म्हणून स्वीकारले.

महात्मा गांधींच्या मार्गाचा प्रभाव मान्य करून एन्क्रुमांनी जानेवारी १९५० मध्ये बहिष्कार व संपाची चळवळ पुकारली. त्यांना तुरुंगवास झाला. फेब्रुवारी १९५१ च्या निवडणुकीत मध्य आक्रा मतदारसंघात झालेल्या २३,१२२ मतांपैकी २२,७८० मते तुरुंगात असलेल्या एन्क्रुमांना मिळाली. गव्हर्नर सर चार्ल्स आर्डेन-क्लार्क यांनी त्यांना मुक्त करून शासनाची सूत्रे स्वीकारण्यास निमंत्रण दिले. पुढील सहा वर्षे गव्हर्नर आणि एन्क्रुमा यांनी मिळून राज्य चालविले. विपणन मंडळही या संयुक्त संसाराचाच भाग होते.

किल्ली पक्षाच्या हाती

१९५२ साली मंडळाच्या अधिपत्याखाली कोको खरेदी कंपनी स्थापन झाली. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवून कर्ज देणे हा तिचा घोषित हेतू होता व त्याची गरजही खरी होती. परंतु कर्ज कोणाला मिळे? १९५६ मध्ये नायजेरियाचे न्यायाधीश जिबोवू यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाला आढळले, की कंपनीवर एन्क्रुमांच्या पक्षाचा ताबा होता आणि कर्जे पक्षाच्या समर्थकांकडे वळविली जात होती. त्याआधी १९५३ च्या अखेरीस मंत्री ब्राइमा यांनी एका कंत्राटदाराकडून २,००० पौंड घेतल्याची कबुली देऊन राजीनामा दिला होता व त्या प्रकरणाची चौकशी न्यायाधीश सर आर्कू कोर्सा यांनी केली होती. कोर्सा हे नाव ध्यानात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे.

या दोन प्रकरणांत फरक आहे. कंत्राटदाराकडून पैसे घेणारा मंत्री हा आपल्या परिचयाचा लाचखोर. खरेदी कंपनीत मात्र कोणाच्या खिशात किती गेले हा मुख्य प्रश्न नव्हता. सार्वजनिक निधी आणि पक्षनिधी यांच्यामधली भिंतच तेथे पाडली गेली होती आणि हे करणारे स्वतःला चोर मानत नव्हते. त्यांच्या दृष्टीने पक्ष म्हणजेच राष्ट्र होते. मराठीत चिरीमिरी, दस्तुरी, नजराणा, टक्केवारी असे शब्द आहेत. पश्चिम आफ्रिकेच्या बाजारी इंग्रजीत डॅश हा शब्द बक्षिसी आणि लाच या दोन्हींसाठी चालतो. या दुसऱ्या व्यवहाराला मात्र यांतील एकही शब्द नीट बसत नाही, आणि ज्याला बोलीत नाव नाही तो गुन्हा लोकांच्या नजरेतून सहज सुटतो.

ऑगस्ट १९५४ मध्ये सरकारने कायदा करून कोकोचा भाव ६० पौंड वजनाच्या बोजाला ७२ शिलिंग असा चार वर्षांसाठी गोठविला. जागतिक बाजारात त्या वेळी याच्या दुपटीहून अधिक किंमत येत होती. वरचा पैसा विकासासाठी वापरला जाईल, असे सांगण्यात आले. कोकोचे आगर असलेल्या आशांती प्रदेशात संतापाची लाट उसळली, नवा विरोधी पक्ष उभा राहिला, बॉम्ब फुटले, खून झाले. तरीही १९५६ च्या निवडणुकीत एन्क्रुमांच्या पक्षाने १०४ पैकी ७१ जागा जिंकल्या आणि ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत युरोपीय वसाहतीतून स्वातंत्र्य मिळविणारा तो पहिला काळ्यांचा देश. घाना हे नाव मध्ययुगातील एका साम्राज्यावरून घेतले. ते साम्राज्य आजच्या घानाच्या भूमीवर नव्हतेच, पण नवराष्ट्राला अभिमानास्पद पूर्वज हवे होते.

विकासाची घाई

स्वातंत्र्याच्या वेळी घानाची परकीय गंगाजळी सुमारे २० कोटी पौंड होती. आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांत हे भाग्य विरळा. या पैशाचे पुढे काय झाले, याचे उत्तर देताना एन्क्रुमांवर अन्याय होऊ नये. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले, दवाखाने उघडले, रस्ते झाले, टेमा येथे नवे बंदर उभे राहिले. व्होल्टा नदीवर आकोसोंबो येथे बांधलेल्या धरणामुळे सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचा जलाशय निर्माण झाला. त्यासाठी सुमारे ८०,००० लोकांना गावे सोडावी लागली. धरणाचा निम्मा खर्च घानाने केला, उरलेला जागतिक बँक, अमेरिका व ब्रिटन यांच्या कर्जातून झाला. वीज मुख्यतः टेमा येथील अमेरिकी मालकीच्या ॲल्युमिनियम प्रकल्पाला स्वस्त दराने दीर्घ मुदतीसाठी देण्याचे ठरले. घानाच्या भूमीत बॉक्साइटचे विपुल साठे आहेत, परंतु प्रकल्पात वापरायचा कच्चा माल बाहेरून आणला जाणार होता. या करारावर कोणी लाच घेतल्याचे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्याच्या हाती भांडवल त्याच्या अटी, हा त्याचा साधा अर्थ. वासाहतिक अर्थरचनेला दोष देणारे पहिले उत्तर येथे पूर्णांशाने लागू पडते.

१९५८-५९ च्या हिवाळ्यात एन्क्रुमा भारतात आले होते. पंतप्रधान नेहरूंच्या नियोजनाविषयी त्यांना कुतूहल होते आणि मोठ्या धरणांचे आकर्षण दोघांनाही सारखेच होते. त्याच सुमारास वेस्ट इंडीजचे विख्यात अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस घानाचे आर्थिक सल्लागार म्हणून काम पाहत होते. शेतीची उत्पादकता आधी, डौलाचे प्रकल्प नंतर, असा त्यांचा आग्रह. मतभेद वाढले आणि दीड-दोन वर्षांतच ते पद सोडून गेले. लुईस यांना पुढे १९७९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे ऐकले असते तर काय घडले असते, हा तर्काचा विषय आहे. सरकारात राहून नाही म्हणू शकणारा एक माणूस कमी झाला, एवढे मात्र निश्चित.

साठच्या दशकात पुरवठादारांची कर्जे हा प्रकार बोकाळला. एखादी युरोपीय कंपनी कारखान्याचा प्रस्ताव घेऊन येई, यंत्रसामग्री तीच देणार, उधारीही तीच देणार, परतफेड चार-सहा वर्षांत. कर्ज प्रकल्पाबरोबर आयतेच येत असल्याने गरज कोणी तपासत नसे. किंमत फुगविली जाई आणि फुगवट्यातला काही भाग मध्यस्थांमार्फत पक्षाकडे परत येई. या कामासाठी नाडेको नावाची एक कंपनी स्थापन झाली होती. कंत्राटदारांकडून टक्केवारी गोळा करणे हे तिचे प्रत्यक्ष कार्य असल्याचे नंतरच्या चौकशीत उघड झाले. अशा व्यवहारांतून टेमा बंदराजवळ कोकोसाठी अवाढव्य कोठारे उभी राहिली, त्यांचा वापर कधीच झाला नाही. एका फळप्रक्रिया कारखान्याच्या नियोजनात आंब्याच्या पदार्थांची उत्पादनक्षमता साऱ्या जगातील त्या मालाच्या व्यापारापेक्षा कित्येक पटींनी अधिक धरली होती. ज्या भागातून आंबे यायचे तेथे झाडे तुरळक, रानात विखुरलेली होती. देणारा हात परदेशी होता व घेणारा देशी, आणि परतफेड करायची होती कोकोच्या शेतकऱ्याने. दोन उत्तरांपैकी कोणते खरे, हा वाद येथे निरर्थक ठरतो.

पहाटेचे भाषण आणि नंतर

एन्क्रुमांना हे दिसत नव्हते असे नाही. ८ एप्रिल १९६१ रोजी पहाटे नभोवाणीवरून केलेल्या भाषणात त्यांनी आपल्याच पक्षातील मंत्री व कार्यकर्ते यांच्या धनलोभावर, पदाचा वापर करून व्यापार करण्यावर कठोर टीका केली. मालमत्तेला मर्यादा घालण्यात आल्या, काही मंत्र्यांना पदे सोडावी लागली. यातील खळबळ ओसरते न ओसरते तोच १९६२ मध्ये मंत्री क्रोबो एडुसेई यांच्या पत्नीने लंडनमध्ये सुमारे ३,००० पौंडांचा सोन्याचा मुलामा दिलेला पलंग खरेदी केल्याची वार्ता जगभर पसरली. एडुसेईंचे मंत्रिपद गेले, पण फार काळ नव्हे. त्याच काळात, सप्टेंबर १९६१ मध्ये, सक्तीच्या बचतीविरुद्ध सेकोंडी-टाकोराडीच्या रेल्वे व बंदर कामगारांनी संप केला. पडवीतल्या पोरांचा हा बालेकिल्ला. सरकारने संप मोडून काढला व नेत्यांना स्थानबद्ध केले.

गंगाजळी आटू लागल्यावर आयातीवर परवाने आले. परवाना हे स्वतःच विकण्याजोगे धन झाले. नंतरच्या चौकशी आयोगाच्या निष्कर्षानुसार व्यापारमंत्री क्वेसी आर्मा परवान्यामागे टक्केवारी घेत होते. दुकानांतून साखर, दूध, औषधे नाहीशी झाली. ग्रामीण भागात खरेदीचा मक्ता सरकारपुरस्कृत शेतकरी परिषदेला मिळाला होता. तिचे खरेदीदार खोटी वजने वापरून माल लाटत. शेतकऱ्याचा भाव ७२ वरून ६० शिलिंगांवर आणला गेला होता, १९६५ मध्ये तो ४० वर आला. १९६४-६५ च्या हंगामात साडेपाच लाख टनांच्या आसपास विक्रमी पीक निघाले होते, पन्नासच्या दशकाच्या मध्याच्या दुपटीहून अधिक. त्यामुळेच जागतिक भाव कोसळले. मंदीसाठी राखलेली शिल्लक तोवर संपलेली होती.

चुका दाखविणारी तोंडे मात्र एकेक करून बंद झाली होती. विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा १९५८ चाच. १९६३ च्या अखेरीस राजद्रोहाच्या खटल्यात काही आरोपींना निर्दोष ठरविल्याबद्दल सरन्यायाधीशांना पदच्युत करण्यात आले. हे सरन्यायाधीश म्हणजे तेच कोर्सा. १९६४ मध्ये सार्वमताचा देखावा करून एकपक्षीय राजवट आली. एन्क्रुमांना ज्यांच्या संघटनेने मायदेशी बोलावले होते त्यांपैकी जे. बी. डान्क्वा हे ज्येष्ठ विधिज्ञ फेब्रुवारी १९६५ मध्ये तुरुंगातच मरण पावले. खरेदी कंपनीची चौकशी १९५६ मध्ये होऊ शकली, कारण तेव्हा विरोधी पक्ष होता, न्यायालय होते आणि निवडणूक तोंडावर होती. १९६४ मध्ये तशाच गैरव्यवहाराची चौकशी करायची, तर ती राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीनेच. माझ्या मते एन्क्रुमांची मोठी चूक हीच. पैशाचा वैयक्तिक लोभ हा त्यांच्या स्वभावाचा प्रधान भाग नव्हता. इतिहासाने आपल्याला वेळ कमी दिला आहे, या भावनेने त्यांनी हिशेब विचारणाऱ्याला शत्रू मानले.

१९६५ मध्ये नववसाहतवादावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. राजकीय स्वातंत्र्य मिळूनही देशाची अर्थव्यवस्था परकीय भांडवल कसे हाकते, याचे त्यातील विवेचन आजही अभ्यासनीय आहे. अमेरिकी सरकारने रुष्ट होऊन मदत रोखली. जानेवारी १९६६ मध्ये आकोसोंबोचे उद्‌घाटन झाले. महिनाभरात, २४ फेब्रुवारीला, एन्क्रुमा हनोईकडे जाताना पेकिंगला पोहोचले असता आक्रा येथे लष्कराने सत्ता बळकावली. रस्त्यांवर लोकांनी आनंद साजरा केला, त्यांचा पुतळा पाडला.

गिनीचे अध्यक्ष सेकू तुरे यांनी एन्क्रुमांना आश्रय देऊन सह-अध्यक्षाचा मान दिला. कोनाक्रीत समुद्रकाठच्या एका घरात ते लिहीत राहिले, परतण्याच्या योजना आखीत राहिले. तिकडे आक्रा येथे लष्करी सरकारच्या आयोगांनी त्यांच्या व पक्षाच्या मालमत्तेचे अहवाल प्रसिद्ध केले. ते जेत्यांनी नेमलेले आयोग होते, हे विसरू नये. तथापि त्यांतील व्यवहारांची नोंद काल्पनिक ठरवून फेटाळताही येत नाही. २७ एप्रिल १९७२ रोजी बुखारेस्ट येथे कर्करोगाने एन्क्रुमांचे निधन झाले. देह प्रथम गिनीत, मग एन्क्रोफुल येथे दफन झाला आणि १९९२ मध्ये आक्रा येथील त्या मैदानावर नेण्यात आला, जेथून त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली होती.

विपणन मंडळ मात्र कोणीही मोडले नाही. लष्करशहांनी नाही, त्यांच्यानंतरच्या निर्वाचित सरकारनेही नाही. १९७२ मध्ये पुन्हा लष्कर आले आणि जनरल आचेआंपोंग यांच्या काळात काळाबाजार व वशिलेबाजी यांना घानाच्या बोलीत एक नवा शब्द रूढ झाला : कालाबुले. त्याच्या व्युत्पत्तीविषयी घानात अजून वाद आहेत. शेतकरी रात्री कोकोची पोती सीमेपलीकडे आयव्हरी कोस्ट व टोगोत नेऊन विकू लागले, अनेकांनी झाडांकडे पाहणेच सोडले. १९७७-७८ च्या हंगामात कोको उत्पादनातील पहिला क्रमांक आयव्हरी कोस्टकडे गेला.